गोळी अक्कांची, उपास नानांचा

वैद्य नानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते एका रुग्णाला परत पाठवत होते. खरा शब्द 'हाकलून देत होते' असा आहे. पण या गौरवग्रंथातला लेख आदरपूर्वक लिहावा अशी गौरव समितीची सूचना आहे, म्हणून 'परत पाठवत होते' असे लिहिते. आदर माझ्याकडे भरपूर आहे. फक्त तो नानांनी मला कधी शांतपणे बाळगू दिला नाही, आणि आज त्यांच्या पंचाहत्तरीलाही तो शांतपणे मांडता येईल असे वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आयुर्वेदाची पदवी घेऊन मी धुळ्याला पाचव्या गल्लीतल्या त्यांच्या दवाखान्यात काम मागायला गेले होते. बाकावर यावलकडचे एक जोडपे बसले होते. नवरा केळीच्या बागेत मजुरीला जाणारा, बायकोच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ. यावलहून जळगाव आणि जळगावहून धुळे अशा दोन एस.टी. बदलून ते आले होते, कारण नानांच्या कांचनाराच्या काढ्याने गलगंड उतरतो अशी त्यांच्या गावात ख्याती होती. नानांनी बाईंना पाण्याचा घोट गिळायला लावला, गळा चाचपला आणि विचारले, घरात मीठ कोणते खाता? खडे मीठ, असे उत्तर आले. "पिशवीतलं आयोडीनचं मीठ खा. जळगावला रक्त तपासून घ्या आणि ते कागद मला आणून दाखवा. औषधाचं मग बघू," असे म्हणून नानांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

नवरा उठून उभा राहिला. "आम्ही इतक्या लांबून काय मीठ घ्याले आलो का?"

"हो," नाना म्हणाले.

ते जोडपे गेल्यावर नाना माझ्याकडे वळले आणि मी काय दिले असते असे विचारले. मी पुस्तकातले उत्तर दिले, कांचनार गुग्गुळ. "मीही देईन. पण डब्यात पीठच नाही आणि तू तवा तापवत बसलीस तर भाकरी कशाची करशील?" असे म्हणून त्यांनी मला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितले. मी मनात म्हटले, हा दवाखाना वर्षभरात बंद पडणार. ती बाई कागद घेऊन परत आली आणि पुढे बरीही झाली, हे सांगायला हवे. नवरा मात्र शेवटपर्यंत नानांशी बोलला नाही, आणि त्याचे मला काही चुकीचे वाटत नाही.

नानांची काम करायची रीत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. रुग्ण समोर बसला की नाडी बघण्याआधी नाना एकच शब्द उच्चारतात, "ओता." म्हणजे पिशवी ओता. औषध म्हणून जे जे पोटात जाते ते सगळे घरून पिशवीत घालून आणायचे आणि त्यांच्या टेबलावर ओतायचे, असा नियम आहे. जळगावच्या एका वकीलसाहेबांच्या पत्नी एकदा आल्या. छातीत धडधड, हातांना कंप, वजन उतरलेले. त्यांनी पिशवी ओतली तेव्हा टेबल भरले. चार प्रकारची चूर्णे, मासिकातली जाहिरात बघून मागवलेल्या बायकांच्या 'संतुलना'च्या गोळ्या, लेकीने मुंबईहून पाठवलेल्या समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, आणि कुणीतरी दिलेला एक काळा अवलेह, ज्याचे नाव त्यांनाही माहीत नव्हते. एका मैत्रिणीला थायरॉईडवर त्याचा गुण आला होता, म्हणून यांनी सुरू केले. मैत्रिणीची ग्रंथी मंदावलेली होती आणि यांची आधीच उधळलेली, एवढाच काय तो फरक.

"पण नाना, हे सगळं झाडपाल्याचंच आहे," त्या म्हणाल्या.

"धोत्राही झाडपालाच आहे," नाना म्हणाले. त्यांनी सगळे परत पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि बाईंना जळगावच्याच एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवले. आपली एक पुडीसुद्धा दिली नाही. मी जवळच उभी होते. पोटाला थंडावा म्हणून निदान शतावरी तरी द्यायची, असे मी नंतर म्हटले. नाना म्हणाले, त्यांना आणखी एका डब्याची गरज नव्हती.

नव्वद सालानंतर तर हार्मोन हा शब्द खानदेशात गुळाच्या ढेपेसारखा घरोघर गेला. केस गळाले, हार्मोन. पाळी चुकली, हार्मोन. सून उलट बोलली, तरी हार्मोन. मुंबईच्या एका कंपनीचे गृहस्थ थायरॉईड आणि हार्मोन संतुलनाच्या चूर्णाच्या डब्यावर नानांचा फोटो छापायची परवानगी मागायला आले. नानांनी त्यांना चहा पाजला आणि विचारले, हे चूर्ण हार्मोन वाढवते की कमी करते? ज्याचे वाढले त्याचे कमी करते आणि ज्याचे कमी झाले त्याचे वाढवते, असे ते म्हणाले. "मग आपण कुणाच्या पोटात आलो हे त्याला कळतं कसं?" नानांनी खरोखर जाणून घ्यायचे म्हणून विचारले. गृहस्थ चहा संपवून गेले. आमच्या दवाखान्यातला पंखा त्या काळी काठीने ढोसल्याशिवाय फिरत नसे. मी त्या पंख्याकडे बघत बसले.

आता अक्कांविषयी लिहिते, कारण नानांविषयी जे सांगायचे आहे ते सगळे तिथून निघाले.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचे एकत्र कुटुंब शिंदखेड्याचे. लग्नानंतर माझी पदवी पुरी झाली ती त्यांच्यामुळे. माझी लेक त्यांच्या मांडीवर वाढली. मी धुळ्याच्या पहिल्या गाडीला निघे तेव्हा भाकरी बांधून देणाऱ्या अक्काच. त्या हळूहळू मंदावत गेल्या. चुलीपुढे बसल्याबसल्या डुलकी लागे. वैशाखात अंगावर चादर घेत. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, भुवया विरळ झाल्या. घरातले म्हणू लागले, अक्का आता आळसावल्या. आयुष्यभर ज्या बाईने घराचा गाडा ओढला तिला आळशी म्हणणाऱ्यांशी मी भांडले, आणि अक्कांना नानांकडे घेऊन गेले.

नानांनी रक्त जळगावला तपासायला पाठवले. ग्रंथी जवळजवळ झोपलेली निघाली. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉईडची गोळी लिहून दिली, आणि ती जन्मभर घ्यावी लागेल असे सांगितले. पोटाचे जडपण आणि बद्धकोष्ठ यांसाठी नानांनी आपल्या चूर्णाच्या पुड्या दिल्या. "ही पुडी गोळीची सोबतीण आहे. गोळीच्या जागेवर बसायची नाही," असे त्यांनी बजावले आणि अक्कांकडून वदवूनही घेतले. अक्कांनी शहाण्या मुलीसारखे ते म्हणून दाखवले.

होळीपर्यंत अक्का माणसांत आल्या. घरात त्यांचा ओरडा पुन्हा ऐकू येऊ लागला. कुणाच्या ओरडण्याने मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. पण चातुर्मास लागला तशा त्या पुन्हा उतरू लागल्या, आणि भाद्रपदात तर गोधडी गुंडाळून उन्हात बसलेल्या, वार कोणता ते सांगता येईना. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. हिवाळ्यात त्या सावरल्या. पुढच्या चातुर्मासात पुन्हा तेच, आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी मात्रा आणखी वाढवली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता, पण तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, अशीच आणखी एक फेरी झाली तर बाई गुंगीत जातील आणि परत येणार नाहीत. त्या दिवशी मी बसमध्ये शिंदखेड्यापर्यंत रडत गेले.

दुसऱ्या दिवशी अक्कांना घेऊन नानांपुढे बसले. "ओता," नाना म्हणाले. पुड्या सगळ्या संपलेल्या होत्या आणि गोळ्यांची बाटली गच्च भरलेली. नाना बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी जे विचारले ते ना डॉक्टरांना सुचले होते, ना मला.

"अक्का, तुना उपास कोनता कोनता शेतस?"

अक्कांनी सांगितले. सोमवार. दोन्ही एकादश्या. चतुर्थी. चातुर्मासात धारणं-पारणं, म्हणजे एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. श्रावण तर सगळाच. या कुठल्याच दिवशी त्या गोळी घेत नसत. ती गोळी जनावराच्या गळ्यातली गाठ वाळवून करतात, असे त्यांना बाजारात कुणीतरी सांगितले होते. एरवी औषध म्हणून डोळे मिटून गिळायची. पण उपासाला मांस कसे खायचे? नानांची पुडी मात्र झाडाच्या सालीची. म्हणून उपासाच्या दिवशी गोळीऐवजी पुडी, आणि गोळी चुकते म्हणून ती दोनदा.

"पुडी उपासले चालस ना, नाना. झाडनी शे," अक्का म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. पुढे कळले की हे शहाणपण एकट्या अक्कांचे नव्हते. नानांची पुडी उपासाला चालते, हे अर्ध्या तालुक्यातल्या बायकांना माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त आम्हा दोघा वैद्यांना. मी अक्कांना म्हटले, मग सोडा ते उपास. अक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिले. त्यांचा मुलगा सुरेश लहानपणी विषमज्वराने गेल्यात जमा होता. तो वाचला तर जन्मभर सोमवार धरीन, असे त्या महादेवाला बोलल्या होत्या.

"वाचना ना तो? आते मी सोमवारले जनावर खाऊ?" त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी एका बाजूला त्यांचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला सुरेशचा. असा हिशेब असला तर कुठली आई काय निवडणार, हे वेगळे सांगायला नको.

मी नानांना आतल्या खोलीत नेले. "नाना, फक्त एवढंच म्हणा, की गोळी झाडाची आहे. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. एका वाक्याचं काम आहे."

नाना बाहेर गेले आणि म्हणाले, "अक्का, पहिले ती गोळी जनावरनी गाठनीच बनाडेत. आते कारखानामा रसायननी बनाडतस असं सांगतस. मी दखेल नही."

"मंग मी लेवाव नही," अक्का म्हणाल्या.

माझा संताप मला आवरेना. रुग्णासमोर गुरूंशी भांडू नये हे मला कळते, मी भांडले. ती गोळी कारखान्यात होते हे पुस्तकात छापलेले आहे, तुम्ही ते वाचलेलेही आहे, मग 'दखेल नही' कशाला? नाना म्हणाले, "वाचलंय, पाहिलं नाही. ती पोराच्या जिवाची जोखीम घेणार आणि मी ऐकीव गोष्टीवर शपथ घेऊ? उद्या त्या पोराला नुसती ठेच लागली तरी ती मरेपर्यंत स्वतःला दोष देईल." मी म्हटले, मग आता करायचे काय? नाना म्हणाले, बघू. हे 'बघू' ऐकून ज्याचे रक्त आटले नाही असा नानांचा एकही सहकारी या ग्रंथात लिहीत नसेल.

मग नाना अक्कांना म्हणाले, "तू गोळी ले. रोज ले, उपासलेबी ले. उपास मोडी त्याना दोष माले. तुना उपास आजपासून मी धरसू."

"तुम्ही? तुम्ही ते जनमभर उपास करा नही, नाना."

"म्हनीसनच बठ्ठा शिल्लक शेतस."

कधी केले नाहीत म्हणूनच सगळे शिल्लक आहेत, या नानांच्या उत्तरावर अक्का हसल्या नाहीत. नुसत्या बोलण्यावर त्यांचे समाधान होईना. त्यांनी नानांना हातावर पाणी घेऊन रीतसर संकल्प सोडायला लावला. दवाखान्यातल्या तांब्यातले पाणी घेऊन, मंत्र येत नसल्यामुळे साध्या बोलीत, नाना म्हणाले की अक्कांचे सगळे उपास मी घेतले, सुरेशच्या आयुष्यासाठी. पाणी ताम्हनात पडले. मग अक्कांनी आमच्यासमोर गोळी घेतली.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात अक्का गौरींपुढे उभ्या राहून माझ्या पुरणपोळ्यांना नावे ठेवत होत्या. गुण आला तो असा.

मला वाटले होते, नानांनी बाईची समजूत काढली, विषय संपला. पहिल्याच सोमवारी दुपारी मी डबा उघडला. नानांच्या पत्नींनी, आमच्या माईंनी, त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत पाठवले होते. भरीत म्हणजे नानांचा जीव की प्राण. नानांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटले, अक्का शिंदखेड्याला आहेत, इथे कोण बघतंय? "मी आहे ना इथे," ते म्हणाले. साबुदाण्याच्या खिचडीलाही हात लावेनात, कारण अक्का सोमवारी फक्त रात्री भगर खात. ज्या बाईचा जसा उपास तसाच धरायचा, अशी त्यांची शिस्त. चातुर्मासात धारणं-पारणंही झाले. माईंनी माझ्याकडे तक्रार केली, जणू मीच त्यांना उपाशी ठेवत होते.

इतक्यावर थांबले असते तर मी आज एवढी चिडले नसते. अक्कांनी मोठ्या आनंदाने ही सोय गावभरच्या बायकांना सांगितली. शिंदखेड्याच्या, धरणगावच्या, कुठकुठल्या बायका पिशव्या ओतू लागल्या आणि पुड्या संपलेल्या, गोळ्या उरलेल्या निघू लागल्या. प्रत्येकीचा उपास वेगळा, प्रत्येकीचे कारण मात्र तेच: नवऱ्याचे आयुष्य, नाहीतर मुलाचे. नाना एकेकीसाठी पाणी सोडत गेले. मंगळवार आला, गुरुवार आला. शुक्रवार आला तो आंबट न खायचा. मग शुक्रवारी नानांच्या वरणात लिंबू नाही. बायका रस्त्यात थांबवून आठवण करून देत, "नाना, उद्या मनी चतुर्थी शे, ध्यानमा ठेवा." जन्मभर देवळाची पायरी न चढलेला हा माणूस पंचांग बघू लागला. मी त्यांना म्हणत असे की तुम्ही औषध द्यायला बसला आहात की उपाशी राहायला? पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट बोलल्या त्या रशीदाबी. आमच्याच गल्लीत त्या शिवणकाम करत. त्यांनाही हीच गोळी होती. रमजानात काय करता, असे मी त्यांना जरा घाबरतच विचारले. "सहेरीला पहाटे उठतोच ना, तेव्हा घेते," त्या म्हणाल्या, आणि टेबलापलीकडे उपाशी बसलेल्या नानांकडे बघून त्यांनी विचारले, "तुमच्यात एक माणूस रोजे धरतो आणि बाकीच्यांचं भागतं का?" नानांना हसू आले. मला आले नाही.

गेल्या श्रावणात एका सोमवारी एका रुग्णाची नाडी बघता बघता नाना खुर्चीवरून खाली आले. फार वेळ नाही, थोडी भोवळ. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या रुग्णाविषयी. त्यांचा हात माझ्या हातात होता. मनगट अगदी बारीक झाले होते. माईंनी घरून लिंबू-साखरेचे पाणी आणले. नाना म्हणाले, रात्री भगर खाईन.

त्या संध्याकाळी मी शिंदखेड्याच्या गाडीत चढले तर कंडक्टर आमचा सुरेश. तो आता एस.टी.त लागला आहे, दोन लेकरांचा बाप आहे, अंगापिंडाने चांगला धट्टाकट्टा. तिकीट देताना त्याने सहज विचारले, काकू, नाना कसे आहेत? आणि माझा बांध फुटला. भरल्या गाडीत मी त्याला सांगितले की तुझ्या आईच्या सोमवारापायी नाना आज खुर्चीवरून पडले, आणि तू वडापाव खाऊन ढेकर देतोस. गाडीतली माणसे वळून बघू लागली. बिचाऱ्याला काही माहीतच नव्हते. उपास आईचा, त्याच्यामागे काय चालले आहे ते मुलांना कोण सांगतो?

पुढच्या सोमवारी तो खाकी गणवेशात, खांद्याला तिकिटांची पिशवी अडकवून, अक्कांना घेऊन दवाखान्यात आला.

"नाना, मायना सोमवार माले द्या," तो म्हणाला. "माय नवस कोनासाठे बोलनी व्हती? मनासाठेच ना? मंग मी धरसू."

अक्का घाबरल्या. "तुले झेपी का, भाऊ?"

"तुले झेपनं, नानास्ले झेपनं. माले का बर नही?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. नानांनी सुरेशला बसवले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. पित्त होते का, उभ्याने काम करताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, रात्रपाळी असते का, सगळे विचारले. उपास धरायला हा माणूस लायक आहे की नाही, याची तपासणी चालली होती, आणि तपासणाऱ्याला स्वतःला भोवळ येऊन जेमतेम आठवडा झाला होता. शेवटी "सोसेल" असा निर्णय झाला. नानांनी तांब्यातले पाणी आपल्या ओंजळीत घेतले आणि सुरेशच्या हातावर सोडले. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मीही लावला; लपवत नाही.

मग मात्र मला स्वतःचा, नानांचा, सगळ्यांचाच राग आला. इतकी वर्षे हे उपास कुणासाठी होते? नवऱ्यांसाठी आणि मुलांसाठी. ते नवरे, ती मुले जिवंत होती, धडधाकट होती, दोन वेळ जेवत होती. आणि त्यांना कुणी विचारलेच नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा. दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्याच्या दारात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितले, ज्याच्यासाठी उपास आहे त्याला घेऊन ये. पुष्कळ पुरुष आले. पुष्कळांना त्याच आठवड्यात आम्लपित्त झाले. नानांनी ते खरे धरून औषध दिले. मी खरे धरले नाही आणि त्यांना पुन्हा बोलावले. धरणगावचे एक सत्तरीचे आबा बायकोची चतुर्थी घ्यायला आले. म्हणाले, ही माझ्यासाठी उपाशी राहते हे मला माहीत होतं, पण ते असं उचलून घेता येतं हे ठाऊक नव्हतं.

आता नानांकडे थोडेच उपास उरले आहेत. ज्यांचे घेणारे कुणी नाही, तेवढे. अशीच एक म्हातारी आहे, तिची चतुर्थी मुलासाठी. मुलगा कधीच वारला. उपास सोड असे तिला सांगायचा धीर मला झाला नाही, आणि नानांना ते सांगावेसे वाटले नाही. ती गोळी नियमाने घेते आणि नाना तिची चतुर्थी धरत. मी कितीदा मागितली, त्यांनी दिली नाही. तुला सोसणार नाही, असे म्हणत. या पंचाहत्तरीच्या तयारीची बैठक झाली त्या दिवशी, सगळे गेल्यावर, त्यांनी मला बोलावले, माझी नाडी पाहिली, आणि माझ्या हातावर पाणी सोडले.

मी त्यांच्याकडे इतकी वर्षे त्यांच्या कांचनाराच्या काढ्याचे प्रमाण मागत आले आहे. ते त्यांनी अजून दिलेले नाही. दिली ती त्या म्हातारीची चतुर्थी. मला उपास सोसत नाही, त्यांचे निदान बरोबर आहे. दुपारनंतर माझे डोके दुखते आणि त्या दिवशी घरातले माझ्याशी जपून बोलतात. पण चंद्र उगवेपर्यंत मी काही खात नाही.

नानांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, असे या ग्रंथात सगळेच म्हणतील, आणि मीही मनापासून म्हणते. माझे मागणे त्याहून थोडे जास्त आहे. नाना, ती शंभर वर्षे तुम्ही जेवून काढा.